तोफ, घुबड आणि घोंघावणारा डबा

साहेबाच्या पोटातली माहिती बाहेर कशी काढायची, येतं तुम्हाला? काय म्हणालात, विचारून? मग बसा बाकावर. छताचे पापुद्रे बघा, भिंतीवरच्या पालीशी ओळख वाढवा, आणि कचेरी बंद व्हायच्या वेळी "उद्या या" ऐकून घरी जा. विचारणाऱ्याला या जगात कोणी काही सांगत नाही. विचारणारा समोर उभा राहिला की साहेबाला आपण साहेब असल्याची आठवण होते.

तोफेची रीत वेगळी होती. ती विचारायची नाही, ठणकावून चुकीचं सांगायची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन ती छातीठोकपणे म्हणायची, "आमचं पाणी तुम्हीच तोडलंय. गच्चीवरचा कॉक तुमच्या माणसाने फिरवलाय, मी डोळ्यांनी बघितलं." आतला साहेब खुर्चीतून उठून ओरडायचा, "अहो बाई, कॉक गच्चीवर नसतोच! तो जिन्याखाली असतो, आणि त्याची चावी तुमच्या व्यवस्थापकाकडे असते!" झालं. "असं होय," एवढंच म्हणून तोफ निघायची. साहेबाला वाटायचं, बाईला बरोबर गप्प केलं. बाई तोवर जिन्याखाली पोचलेली असायची.

दुसऱ्याची चूक ऐकून गप्प बसणं जाणत्या माणसाला जमत नाही. त्याला खाज सुटते. या खाजेवर तोफेने अर्धी इमारत दुरुस्त करून घेतली होती.

तोफ हे नाव तिला कोणी दिलं, ते इमारतीत कोणी कबूल करत नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिने तळमजल्यावरून हाक मारली की वरच्या मजल्यांवरची पोरं पुस्तकं उघडतात, एवढं खरं. तळमजल्यावर तिचं इस्त्रीचं दुकान. शाळा तिने लवकर सोडली, की शाळेने तिला सोडलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. कायदा ती कपडे गुंडाळायच्या रद्दीतून शिकली. आणि कॉम्प्युटर शिकली तो रागाच्या भरात. भाडेकरू संघटनेच्या एका बैठकीत व्यवस्थापक पाय हलवत तिला म्हणाला होता, "गळतंय गळतंय काय करता? पुरावा दाखवा." त्या दिवसापासून इमारतीत थेंब पडला की त्याचा फोटो निघू लागला. भिंतीला चीर गेली की चित्रण. व्यवस्थापकाने आश्वासन दिलं की ध्वनिमुद्रण, आणि आश्वासनं तो पुष्कळ द्यायचा.

नवरा ट्रकवर असायचा. घरी आला की जेवून कानात कापूस घालून झोपायचा, त्याच्याबद्दल एवढंच. तोफेची खरी सोबत म्हणजे तिची मोठी नणंद. दुकानाच्या कोपऱ्यात ती फाटक्या कपड्यांना रफू करत बसायची. बोलायची कमी. पण बोलली की सुई टोचल्यासारखं, आणि तेही दोऱ्यावरून नजर न काढता.

तर, या सगळ्या पुराव्याला जागा पुरेना. तेव्हा एका बंद पडलेल्या कचेरीने टाकून दिलेला सर्व्हर तोफेने मिळवला. लांबट, चपटा, लोखंडी डबा. पुढच्या अंगाला माहिती साठवणाऱ्या डिस्का सरकवायचे कप्पे, त्यांच्यामागे बारक्या पंख्यांची रांग. दोघींनी मिळून तो संघटनेच्या खोलीत नेला. ही खोली दुकानासमोरच, बोळाच्या पलीकडे. संघटनेने भांडून मिळवलेली. डबा टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि दोघी एकदम भिंतीला टेकल्या.

"वहिनी," नणंद त्या घोंघाटातून ओरडली, "हे उडणार आहे का?"

"सुरुवात आहे वन्सं, बसेल हळूहळू."

"कसली सुरुवात? लोकांनी टाकलेलं यंत्र आहे. का टाकलं ते आता कळलं."

आवाज बसला नाही. पंख्यांची अख्खी रांग जिवाच्या आकांताने फिरत राहिली. खोलीत बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे, आणि तोफेने कानाशी तोंड नेलेलं कोणालाच परवडत नसे.

आता तोफेचा स्वभाव असा, की कुठेही गेली तरी थेट वरच्याला गाठायचं. डब्यातला वरचा म्हणजे मदरबोर्ड, हे तिने वाचलेलं होतं. सेटिंगच्या पडद्यावर शिरून तिने पंख्यांपुढे 'शांत' निवडलं. मदरबोर्डने लगेच मान डोलावली. पडद्यावर लिहून आलं: पंखे शांत. पंखे घोंघावत राहिले.

"बघा वन्सं," तोफ म्हणाली, "कुठेही जा, वरचा सारखाच. काम झालं म्हणून लिहून देतो, आणि नळ कोरडा."

मग तिने इस्त्रीच्या टेबलावरचं जाड पांघरूण आणलं आणि डब्याच्या तोंडावर दाबून बसवलं. थोडा वेळ बरं वाटलं. मग आवाज चढला, असा चढला की टेबलावरचा पेला सरकू लागला. पुढून हवा आत जाईना, डिस्का तापल्या आणि पंख्यांनी उरलासुरला जोरही लावला.

नणंदेने पांघरूण काढून घडी घातली. "ताप आलेल्याच्या नाकातोंडावर पांघरूण दाबतेस, आणि वर तोच धापा टाकतो म्हणून रागावतेस."

खोलीच्या भिंतीपलीकडे एक माणूस झोपायचा. दिवसा. तो रात्रपाळी करायचा, म्हणून तोफेने त्याचं नाव घुबड ठेवलं होतं. तोंडावर घुबडराव, कारण मान द्यायला आपल्याला येतं असं तिचं म्हणणं. एकटा, शिडशिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कुठल्याशा कंपनीच्या यंत्रांच्या दालनात तो रात्रभर उभा असे. कसली यंत्रं, ते कोणी कधी विचारलं नव्हतं. आणि या माणसाने व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार दिली.

व्यवस्थापक, म्हणजे आपले किल्लीसाहेब. कमरेला इमारतीतल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा, चालले की खुळखुळत चालायचे. संघटनेची खोली परत घ्यायला ते निमित्तच शोधत होते, आणि निमित्त आपल्या पायांनी चालत आलं होतं. त्यांनी नोटीस लावली: गुरुवारी दुपारी तपासणी होईल. यंत्र चालू स्थितीत दाखवावं. शेजाऱ्याला त्रास होईल असा आवाज आढळल्यास खोलीची किल्ली जमा करावी.

चालू स्थितीत. म्हणजे बटण बंद करून साळसूदपणे बसायची वाट बंद. आणि खोली गेली तर डबा ठेवायचा कुठे? घरात माणसं आणि कपड्यांचे गठ्ठे आधीच एकमेकांवर झोपत होते. भाडेवाढीचा खटला उभा राहिला होता. संघटनेचे वकील आपल्या कचेरीत बसून याच डब्यातले फोटो उघडून बघायचे. डबा बंद पडला की सगळ्या इमारतीची गळती एका दिवसात बरी झाली असती, कागदावर.

संध्याकाळी घुबड कामावर निघाला तेव्हा तोफ बोळात इस्त्री हातात धरून उभीच होती. इस्त्री गार होती, पण त्याला ते काय ठाऊक.

"काय हो घुबडराव, शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही? आधी येऊन बोलायचं सोडून त्या किल्लीवाल्याकडे?"

"आलो होतो, मावशी. पुन्हा पुन्हा आलो. दार वाजवून वाजवून बोटं दुखली. त्या डब्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू जाईल तेव्हा ना!"

हे खरं असावं असं तोफेला वाटलं, म्हणून तिने विषय बदलला. "मावशी कोणाला म्हणता? घरी आरसा नाही?"

"मी रात्रभर असल्याच डब्यांमध्ये उभा असतो, कानात बोळे घालून. ढीगभर डबे. त्याचा मला पगार मिळतो. घरी आल्यावर तुमचा डबा मी फुकट का ऐकायचा?"

असल्याच डब्यांमध्ये! तोफेच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. म्हणजे भिंतीपलीकडे घोरणारा हा माणूस डब्यांच्या खात्यातला साहेबच निघाला की. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, भाऊ, जरा येऊन बघा, कसं कमी करायचं ते सांगा. पण संघटनेविरुद्ध तक्रार करणाऱ्यापुढे तोंड वेंगाडायचं? तोफेने? इस्त्री या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली:

"आवाज काय आमच्या हातात आहे? मदरबोर्ड जळालाय. नवा मागवला की होईल शांत."

घुबड दोन पावलं गेला. थांबला. वळला. खाज सुटली.

"मदरबोर्डचा काय संबंध? पंख्यांच्या वायरी जातात कुठे ते बघितलंत का उघडून? मदरबोर्डला जोडलेल्याच नाहीत त्या. डिस्का आत जाऊन ज्या पाटीला टेकतात ना, बॅकप्लेन, त्या पाटीत जातात. पंखे त्या पाटीचे आहेत. तुम्ही भलत्याच माणसाला ओरडताय!"

"असं होय," तोफ म्हणाली.

झाकण उघडून बघितलं तर खरंच. पंख्यांच्या वायरी एकामागून एक त्या हिरव्या पाटीत शिरलेल्या. तोफेला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर कचेऱ्या पालथ्या घातल्या, आणि खरी सूत्रं मधल्या टेबलावरच्या कारकुनाकडे असतात हे डब्याच्या बाबतीत विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुबड कामावरून परतला, तर तोफ बोळ झाडत होती. एकच फरशी, पुन्हा पुन्हा.

"बघितली तुमची पाटी. जळून कोळसा झालीय. काढून टाकणार आहे."

"जळालेली नाही!" घुबडाने पिशवी खाली ठेवली. "ती घाबरलीय. तिला वरून काही खबरच येत नाही. डिस्का किती तापल्या, पंखे किती पळवू, कोणी सांगतच नाही. मग तिला वाटतं वर कोणी जिवंत नाही. सगळ्या डिस्का आता माझ्या भरवशावर. म्हणून ती पंखे पूर्ण सोडून देते. शहाणी आहे ती, तुमच्यासारखी नाही! डिस्कांच्या तारेतूनच तिच्याशी बोलता येतं, त्यासाठी एक लहानसा प्रोग्रॅम असतो, फुकट मिळतो—" इथे त्याला संशय आला. त्याने तोफेकडे निरखून पाहिलं. तोफ फरशी झाडत होती.

"मला काय करायचंय," तो पुटपुटला आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी तोफेने एक कॉलर जाळली. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात फोन, असं वाचन चाललं होतं. पण प्रोग्रॅम सापडला. डब्यात बसवला. पाटीने उत्तर दिलं, पंख्यांची नावनिशी सांगितली. आता वेग सांगायचा, पण कोणत्या आकड्यात?

संध्याकाळी घुबड कुलूप लावत होता.

"मठ्ठ आहे तुमची पाटी," तोफ दुकानातून ओरडली. "शून्य म्हणून सांगितलं, ऐकत नाही. पंखा असो की माणूस, शून्याला बंद होतो, जगाचा नियम आहे."

"शून्य कुठून काढलंत? वेग एक ते सात असतो! एक सगळ्यात हळू, सात सगळ्यात जोरात. पण मावशी, नीट ऐका, एकवर जर—"

तोफ बोळ ओलांडून केव्हाच खोलीत शिरली होती. पाठोपाठ येणाऱ्या घुबडाच्या नाकावर तिने धाडकन दार लावलं. हवं ते मिळालं होतं. तक्रारखोराचं व्याख्यान ऐकायला तिला वेळ नव्हता.

तोफेच्या रीतीत एक भोक होतं, आणि ते इतक्या वर्षांत तिला दिसलं नव्हतं. तुम्ही जेवढं चुकीचं बोलता तेवढंच समोरचा दुरुस्त करतो. जे चुकीचंसुद्धा बोलायला तुम्हाला सुचत नाही, ते त्याच्या पोटातच राहतं.

गुरुवारी दुपारी किल्लीसाहेब खुळखुळत आले. हातात फोन, फोनवर आवाज मोजायचं यंत्र. आत पाऊल टाकताना त्यांनी कानांवर हात ठेवायची तयारी केली होती, ते हात तसेच अर्ध्यावर राहिले. डब्यावर दिवे लुकलुकत होते आणि खोलीत नणंदेच्या सुईचा आवाज ऐकू येत होता. इथे कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून ती रफूचं काम घेऊन तिथेच बसली होती. पंखे एकवर होते. येऊन जाऊन एखादं मांजर घुरघुरावं, इतकंच.

"चालू आहे ना?" किल्लीसाहेबांनी डब्याला कान लावला.

"दिवे दिसत नाहीत?" तोफ गोड आवाजात म्हणाली. तो गोडवा ऐकून नणंदेने एकदा वर पाहिलं.

किल्लीसाहेबांचा चेहरा पडला. पण ते गेले नाहीत. पडद्यापुढची खुर्ची ओढून ते चक्क ऐसपैस बसले. "तक्रार काय कोणी उगाच करतं? बसतो जरा. दाखवा बघू तुमचा तो पुरावा, आहे तरी काय एवढं त्यात."

इथे तोफ फसली. तिला म्हणायचं होतं, साहेब, उठा, उशीर होतोय. पण पुरावा दाखवा म्हटल्यावर गप्प बसायला ती तोफ कसली? तिने मागून हात घालून सगळं उघडलं. जिन्याची ओल. गच्चीची चीर. लिफ्टचं अडकणारं दार. किल्लीसाहेबांचीच आश्वासनं, त्यांच्याच आवाजात. साहेबांनाही आपला आवाज ऐकायला बरं वाटू लागलं. ते एकामागून एक उघडतच सुटले. डिस्का बिचाऱ्या आतून धावत होत्या. पंखे आपले एकवर.

"वहिनी," नणंद सुई ओवता ओवता म्हणाली, "पडद्याच्या कोपऱ्यातला तो तापाचा आकडा वाढतोय."

"वाढू दे वन्सं."

"पिवळा झाला."

तोफेने सहज टेकल्यासारखं करून डब्यावर तळहात ठेवला. तापमान तिला हाताने कळायचं. आयुष्य त्यात गेलं होतं. रेशमी कपड्याची इस्त्री. जरा वेळाने पुन्हा ठेवला. सुती कपड्याची. हे ठीक नव्हतं. वेग दोन-तीनवर न्यायला हवा होता, पण कीबोर्डपुढे किल्लीसाहेब पाय पसरून बसले होते आणि आपलंच एक जुनं आश्वासन मान डोलावत ऐकत होते.

"साहेब, चहा घेता? बाहेर चांगला मिळतो."

"इथेच मागवा ना."

"वहिनी," नणंद म्हणाली, "लाल."

लाल आकड्याला पाटी कोणाचं ऐकत नाही, हे घुबडाच्या वाक्यातलं उरलेलं अर्धं. डिस्का जळू द्यायच्या नाहीत, हा एकच धर्म तिला ठाऊक. एक म्हणा, दोन म्हणा, तिने सगळे हुकूम झुगारले आणि पंखे पूर्ण सोडले. पहिला घोंघाट उठतो न उठतो तोच तोफ डागली गेली.

"आणि लिफ्टचं काय!" ती गरजली. किल्लीसाहेब खुर्चीसकट सरकले. "लिफ्टचं विचारते मी! म्हातारी माणसं जिना चढतात, आणि तुम्ही इथे चहा मागवता? ती टाकी! त्या टाकीत काय आहे माहीत आहे तुम्हाला? आणि पत्रपेट्यांची दारं कुठे गेली? कोणी खाल्ली?"

"बाई, हळू! मोजमाप चालू आहे!"

"मोजा! भाडेकरूचा आवाज मोजा एकदाचा!"

नणंदेने प्रसंग ओळखला. सुई बाजूला ठेवून ती कात्रीने टेबल बडवू लागली, आणि दर वाक्याला "लाज वाटते का?" असं जोडू लागली. फोनवरचा काटा टोकाला जाऊन थरथरत होता. आवाज यंत्राचा की बाईचा, हे सांगायची सोय फोनात नव्हती. युक्ती नामी होती. तिच्यात दोष एकच, तोफेला मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता. आणि दर श्वासाला त्या फटीतून घुं घुं घुं ऐकू येत होतं.

"हे काय वाजतंय?" किल्लीसाहेबांनी कान टवकारले.

"नाटक नका करू!" तोफ पुन्हा सुटली. पण घसा बसायला लागला होता. शब्दांची टोकं तुटू लागली होती.

तेवढ्यात दार उघडलं. दारात घुबड. बनियन, अर्धी विजार, केस उभे, गालावर उशीचे वळ.

किल्लीसाहेबांचा चेहरा उजळला. "या, या! तक्रारदारच आले. आता तुम्हीच सांगा, हाच ना तो आवाज?"

तोफ गप्प झाली. घुबडाने एक हो म्हटलं असतं की किल्ली जुडग्यात गेली असती. त्याने डब्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या लाल आकड्याकडे पाहिलं, मग तोफेकडे.

"काही म्हणायचंय, मावशी?"

तोफेने घसा खाकरला. सवय कुठे जाते? "ते विजेचा दाब कमी-जास्त होतोय, त्यामुळे पंखे..."

घुबडाने हाताची घडी घातली. "रात्री काम करता करता माझ्या लक्षात आलं सगळं. तुम्ही चुकीचं बोलायचं आणि मी उभ्या उभ्या शिकवणी घ्यायची. आज मी काहीही दुरुस्त करणार नाही. विजेचा दाब म्हणा, भुताटकी म्हणा."

पंखे किंचाळत होते. तोफेने डब्यावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. आत सगळ्यांच्या भिंती होत्या, सगळ्यांची छतं. पहिल्या मजल्यावरच्या आजीने थरथरत्या हाताने काढलेले, अर्धा अंगठा आलेले फोटो होते. तोफेने मान खाली घातली. पुढचं बोलणं तिच्या तोंडून निघालं, यावर नणंदेचा अजून विश्वास नाही.

"भाऊ, मला कळत नाहीये. काय करू?"

घुबडाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तो किल्लीसाहेबांना म्हणाला, "उठा." साहेब उठले. तो खुर्चीत बसला, बोटं चालवली. "आधी पाचवर. निवू द्या बिचाऱ्यांना. एकवर ठेवून डिस्का पळवल्या तर तापणारच. तापल्या की पाटी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हेच सांगत होतो परवा, तर दार नाकावर आपटलंत." हळूहळू लालाचा पिवळा झाला. मग त्याने तीनवर आणलं. किंकाळीची घोंघों झाली, घोंघोंची नुसती गुणगुण.

"बाईंचा आवाज कमी करायचा प्रोग्रॅम मात्र माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

"म्हणजे तक्रार खरी ठरली!" किल्लीसाहेबांनी हात पुढे केला. "किल्ली."

"थांबा साहेब. तक्रार माझी आहे. खरी की खोटी ते मी माझ्या पलंगावर पडून ठरवणार. भिंतीपलीकडून ऐकायला नको? डिस्कांवर काम चालू असताना, नसताना, उकाड्यात, थंडीत."

"किती दिवस लागतील?"

"आता ते मी कसं सांगू? मी झोपलेला असणार."

किल्लीसाहेब वैतागले. "मग मी लिहू काय? चौकशी चालू? चौकशी चालू असेपर्यंत खोली परत मागता येत नाही मला, कळतंय ना तुम्हाला?"

तोफेचे डोळे असे काही लकाकले, की किल्लीसाहेबांनी आपण काय बोलून बसलो ते ओळखलं आणि ते खुळखुळत निघून गेले.

डब्यात आता घुबडाने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो. डिस्का किती तापल्या ते बघून तो पाटीला सारखा सांगत राहतो: दोन, तीन, पुन्हा दोन. पाटीची भीती गेली. खटला चालू आहे, वकील रोज फोटो उघडतात. तोफ आता विचारायला शिकली असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. परवाच तिने घुबडाला ठणकावून सांगितलं, की लिफ्टची मोटर गच्चीवर नसते, तळघरात असते. त्याला सगळं कळतं. तरी तो पिशवी खाली ठेवतो आणि दुरुस्त करतो.

तक्रार मात्र तशीच आहे. किल्लीसाहेब अधूनमधून येतात, "काढायची का निकाली?" म्हणून मोठ्या आशेने विचारतात. घुबड डोळे चोळत, गंभीर चेहऱ्याने सांगतो, "डावीकडून अजून एक बारीक घुं येतोय, साहेब. लक्ष ठेवून आहे." तसला काही घुं येत नाही. तोफ त्या तक्रारीला पोटच्या पोरासारखी जपते. तक्रार आहे तोवर चौकशी आहे, चौकशी आहे तोवर खोली आहे.

मध्यंतरी वरच्या मजल्यावरचे एक सज्जन गृहस्थ घुबडाकडे समजूत घालायला गेले होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद बरा नाही, मोठ्या मनाने तक्रार मागे घ्या, वगैरे. नणंदेने त्यांना बोळातच गाठलं म्हणून निभावलं. तेव्हा तुमच्याही मनात असलाच काही भलेपणा आला असेल, तर एक ऐका: त्या माणसाला सुखाने झोपू द्या, आणि तक्रार मागे घे म्हणून चुकूनही सांगू नका.